उन्हातल्या हॉकीचे कागद

उत्तर अमेरिकेच्या नॅशनल हॉकी लीगचा, म्हणजे एनएचएलचा, २०११-१२ च्या हंगामाचा गुणतक्ता काढून पाहा. ‘साउथईस्ट डिव्हिजन’ या शीर्षकाखाली पाच संघ दिसतील: फ्लोरिडा, वॉशिंग्टन, टॅम्पा बे, विनिपेग आणि कॅरोलायना. यातलं विनिपेग हे कॅनडाच्या ऐन मध्यावरचं शहर. हिवाळ्यात तिथला पारा उणे वीसच्याही खाली जातो. आग्नेयेशी त्याचा काडीचा संबंध नाही. तरीही सलग दोन हंगाम विनिपेगचा संघ याच डिव्हिजनमध्ये खेळला आणि प्रतिस्पर्ध्यांना भेटायला सुमारे तीन हजार किलोमीटर उडून मायामीच्या वाटेला लागला.

आखातातल्या हॉकीचे निकाल मी गेली कित्येक वर्षं नादाने जमवतो आहे. अबू धाबी, दुबई, अल ऐन इथल्या रिंकांवर कोण खेळलं, कोण वर चढलं, कोण खाली घसरलं, अशा नोंदींच्या वह्या भरल्या. त्या चाळताना एकच शेरा पुन्हा पुन्हा कानांवर येतो: वाळवंटात कसली आलीय आइस हॉकी! अगदी हाच शेरा अमेरिकेत साउथईस्ट डिव्हिजनला पंधरा वर्षं ऐकावा लागला होता. म्हणून आखात समजून घ्यायला मी आधी त्या बरखास्त डिव्हिजनचा इतिहास वाचायला घेतला.

त्याचा सांगाडा थोडक्यात असा. लीग वाढत होती, म्हणून १९९८ साली सहा डिव्हिजनची नवी मांडणी झाली. वॉशिंग्टन, कॅरोलायना, फ्लोरिडा आणि टॅम्पा बे यांना एकत्र बांधलं. पुढच्या वर्षी अटलांटाचा नवा संघ, थ्रॅशर्स, त्यांच्यात आला. २०१३ मध्ये पुन्हा फेरमांडणी झाली आणि डिव्हिजन संपली. मधला एक हंगाम मालक आणि खेळाडूंच्या भांडणात वाया गेला. उरलेल्या चौदा हंगामांपैकी सात वेळा वॉशिंग्टन पहिलं आलं, कॅरोलायना तीनदा, टॅम्पा दोनदा, अटलांटा आणि फ्लोरिडा एकेकदा.

जाणकार म्हणवणारे तेव्हा या डिव्हिजनला दुबळी म्हणत. पण २००४ चा स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, टॅम्पाने जिंकलं तो कॅल्गरीला सातव्या सामन्यात हरवून, आणि २००६ चा कॅरोलायनाने जिंकला तो एडमंटनला सातव्या सामन्यात हरवून. कॅल्गरी आणि एडमंटन ही दोन्ही शहरं कॅनडाच्या आल्बर्टा प्रांतातली, जिथे मूल चालायला लागलं की त्याच्या पायात स्केट्स चढतात. ज्यांना उन्हाळी गावं म्हणून हिणवलं, त्यांनी दोन मोसमांच्या अंतराने आल्बर्टाच्या दोन्ही संघांना पाणी पाजलं. याहून स्पष्ट उत्तर खेळाच्या मैदानावर देता येत नाही.

मग अटलांटाचा संघ का बुडाला? ‘दक्षिणेत बर्फ टिकत नाही’ हे उत्तर सोपं आहे, आणि ते चुकीचं आहे. त्या संघाची मालकी अटलांटा स्पिरिट नावाच्या भागीदारीकडे होती. शहराचा बास्केटबॉल संघ आणि क्रीडागारही त्यांच्याच हातात. २००५ साली जो जॉन्सन या बास्केटबॉलपटूला संघात घेण्यावरून भागीदारांत ठिणगी पडली. स्टीव्ह बेल्किन या भागीदाराचा त्या व्यवहाराला विरोध होता, बाकीच्यांना तो हवाच होता. प्रकरण कोर्टात गेलं आणि वर्षानुवर्षं चाललं. भाऊबंदकीच्या दाव्यात घर कसं मोडतं हे आपल्याला सांगायला नको. विहिरीच्या वाटणीवरून दावा सुरू होतो आणि तोवर शेत पडीक राहतं. इथे दावा बास्केटबॉलचा होता आणि पडीक राहिली ती हॉकी. या संघाला बाद फेरीत फक्त एकदा, २००७ मध्ये जाता आलं आणि तिथे न्यूयॉर्क रेंजर्सने चारही सामने जिंकून त्याला घरी पाठवलं. २०११ च्या मे अखेरीस संघ विकला गेला आणि विनिपेगला गेला. पुढच्या हंगामाचं वेळापत्रक बदलायला वेळ उरला नव्हता, म्हणून विनिपेग आग्नेयेतच राहिलं. त्या डिसेंबरात लीगने नवी मांडणी मंजूर केली, तर जानेवारीत खेळाडूंच्या संघटनेने तिला संमती नाकारली आणि तोच घोळ आणखी एक वर्ष चालू राहिला. या सगळ्यात हवामानाचा दोष कुठेही नाही. संघ कोर्टात बुडाला आणि मांडणी बैठकीत अडकली.

हे वाचत असतानाच मी फ्लोरिडातल्या एका डॉक्टरापाशी येऊन थांबलो, आणि मग बराच काळ तिथून हललोच नाही. त्याचं नाव जॉन गोरी. मेक्सिकोच्या आखातावरच्या अपालाचिकोला या कापसाच्या बंदरात तो १८३३ साली आला. टॅम्पा त्याच किनाऱ्यावर, आणखी दक्षिणेला. गावात मलेरिया आणि पिवळ्या तापाच्या साथी. त्या काळच्या समजुतीप्रमाणे गोरी दूषित हवेला दोष देत होता. डासाचं नाव तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं. रुग्णाच्या खोलीत छतापाशी तो बर्फाचं भांडं टांगायचा. थंड हवा जड असते, ती खाली रुग्णावर उतरे. पण बर्फ आणायचा कुठून? तो उत्तरेच्या गोठलेल्या तळ्यांतून कापून जहाजाने यायचा, आणि जहाज चुकलं की रुग्ण तापाने फणफणत पडायचा. म्हणून गोरीने यंत्र बांधलं. पंपाने हवा दाबायची, दाबल्यावर ती तापते, तिला पाण्याने निववायचं, मग एकदम मोकळं सोडायचं. मोकळी होताना हवा भोवतालची उष्णता शोषून घेते आणि पाणी गोठतं. १८५१ साली त्याला या यंत्राचं अमेरिकी पेटंट मिळालं, क्रमांक ८०८०.

यंत्र चालत होतं, पैसा उभा राहिला नाही. भांडवल देणारा भागीदार वारला. वर्तमानपत्रांतून टवाळी झाली, की देवासारखा बर्फ आपणही करू शकतो असं या माणसाला वाटतं. या टवाळीमागे बोस्टनच्या बर्फ-व्यापाऱ्यांचा हात आहे असा गोरीचा संशय होता, आणि त्याचा रोख फ्रेडरिक ट्यूडरकडे होता. १८५५ साली गोरी कफल्लक अवस्थेत गेला. आज त्याचा पुतळा वॉशिंग्टनच्या कॅपिटॉलमध्ये फ्लोरिडाच्या वतीने उभा आहे. त्याच शहराच्या हॉकी संघाचं नाव कॅपिटल्स.

हा ट्यूडर आपल्या ओळखीचा निघाला. मॅसॅच्युसेट्सच्या तळ्यांतला बर्फ भुशात गुंडाळून त्याने १८३३ मध्ये कलकत्त्याला पोचवला, आणि १८३४ पासून मुंबईलाही अमेरिकी बर्फ येऊ लागला. त्यासाठी इथे बर्फघर बांधलं गेलं. जमशेटजी जीजीभॉय यांनी पाहुण्यांना आइस्क्रीम खाऊ घातलं, यजमानांसकट सगळ्यांना सर्दी झाली आणि ‘मुंबई समाचार’ने त्याची बातमी केली, ही हकिगत मुंबईच्या इतिहासकारांची लाडकी आहे. बर्फाची लादी ही त्या काळी साता समुद्रापलीकडून येणारी चीज होती. थंड देशांना बर्फ आयता मिळत होता, म्हणून तो तयार करण्याची निकड त्यांना नव्हती. ती उष्ण प्रदेशांना होती. रिंकावरचा बर्फ पुन्हा गुळगुळीत करणारं यंत्रसुद्धा फ्रँक झांबोनीने १९४९ साली बांधलं ते कॅलिफोर्नियातल्या पॅरामाउंट गावी, म्हणजे लॉस एंजलिसच्या उन्हात. कॅनडातले पहिले कृत्रिम रिंक पॅट्रिक बंधूंनी १९११ मध्ये व्हँकूव्हर आणि व्हिक्टोरियाला उभारले, कारण त्या किनाऱ्यावर थंडी पुरेशी पडत नव्हती. कृत्रिम बर्फाचा इतिहास लिहायचा तर तो उबदार गावांपासूनच सुरू करावा लागतो. आखातातली हॉकी या परंपरेतली आहे, तिला उपरी म्हणायचं कारण नाही.

दुबई मॉलच्या रिंकाच्या काठावर उभं राहिलं की ही परंपरा जवळून दिसते. बाहेर ऑगस्टचे पंचेचाळीस अंश, आत काँक्रीटमध्ये पसरलेल्या नळ्यांतून गोठणबिंदूखालचा द्रव फिरतोय आणि वर जेमतेम काही सेंटिमीटर जाडीचा बर्फ. तासाभराच्या खेळाने तो खरवडला जातो. मग झांबोनीचं यंत्र येतं. पात्याने वरचा थर तासतं आणि मागून पाणी सोडतं. हे पाणी गरम असतं, कारण गरम पाणी खालचा थर किंचित वितळवून त्यात मिसळतं आणि सांधा पक्का बसतो.

या बर्फावरच्या खेळाचा इतिहास फार जुना नाही. दुबईच्या अल नासर लेझरलँडमध्ये १९७९ पासून रिंक आहे. नव्वदीत तिथे नोकरीसाठी आलेल्या कॅनडा-युरोपवाल्यांनी ‘मायटी कॅमल्स’ संघ बांधला. २००१ साली संयुक्त अरब अमिराती आंतरराष्ट्रीय आइस हॉकी महासंघाची सदस्य झाली, २००९ मध्ये एमिरेट्स लीग सुरू झाली. त्याच वर्षी मार्चमध्ये अबू धाबीत आशियाई चॅलेंज कप झाला, यजमानांनी तो जिंकला. याच स्पर्धेत भारताचा पुरुष संघ पहिल्यांदा आंतरराष्ट्रीय सामने खेळला. संघात भरणा लडाखच्या मुलांचा. तळं गोठलं की वर्षातले दोनेक महिने खेळायचं, एवढाच सराव. त्यांना तिथे एकही सामना जिंकता आला नाही. पहिला विजय तीन वर्षांनी देहरादूनला, मकाऊविरुद्ध मिळाला.

आता त्या माणसाकडे येतो, ज्याच्यामुळे साउथईस्ट आणि अबू धाबी माझ्या वहीत एकाच पानावर आले. पीटर बोंद्रा. वॉशिंग्टन कॅपिटल्ससाठी त्याने ४७२ गोल केले, त्यातले बरेचसे साउथईस्टच्या काळात. २०१७ च्या सुमारास तो माजी खेळाडूंबरोबर अबू धाबीला आला असताना फातिमा अल अली या अमिराती खेळाडूचं स्टिकवरचं कौशल्य त्याने पाहिलं. तिची चित्रफीत जगभर फिरली आणि त्या फेब्रुवारीत वॉशिंग्टनमध्ये डेट्रॉइटविरुद्धच्या सामन्याआधी मानाचा पक, म्हणजे खेळाची चकती, टाकायला फातिमाला बोलावलं गेलं. हिजाब घातलेली ती खेळाडू कॅपिटल्सच्या बर्फावर उभी आहे, हे छायाचित्र अनेकांनी पाहिलं असेल.

बोंद्राची स्वतःची कथा मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. त्याचा जन्म १९६८ साली युक्रेनमधल्या लुत्स्कचा. तीन वर्षांचा असताना कुटुंब चेकोस्लोव्हाकियातल्या पोप्राडला आलं. तो तिथेच वाढला, तिथेच हॉकी शिकला, पण नागरिकत्व नसल्यामुळे त्या देशाच्या राष्ट्रीय संघात त्याला जागा मिळाली नाही. स्लोव्हाकिया वेगळा झाल्यावर कागद हाती आला. २००२ च्या जागतिक स्पर्धेच्या अंतिम सामन्यात रशियाविरुद्ध शेवटच्या दोन मिनिटांत गोल करून त्याने स्लोव्हाकियाला आजवरचं एकमेव जगज्जेतेपद मिळवून दिलं. एका कागदाने जे दार बंद ठेवलं होतं, ते दुसऱ्याने उघडलं.

अबू धाबीत एप्रिल २०१९ मध्ये नेमका हाच प्रश्न ऐरणीवर आला. जागतिक स्पर्धेच्या डिव्हिजन तीनची, म्हणजे तळाकडच्या पायरीची, पात्रता फेरी तिथे भरली होती. किर्गिझस्तानने बर्फावर सगळ्यांना हरवलं. पण त्यांच्या संघात नियमात न बसणारे खेळाडू निघाले. त्यांचे विजय रद्द झाले, ते तळाला गेले आणि पुढची पायरी अमिरातींना मिळाली. नियम असा, की नवं नागरिकत्व घेतलेल्या खेळाडूने त्या देशात सलग दोन हंगाम, किमान ४८० दिवस, खेळलेलं असलं पाहिजे, आणि आधी दुसऱ्या देशाकडून खेळला असेल तर चार वर्षं. निर्णय नियमाला धरून होता, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्यानंतर अमिरातींचा संघ झपाट्याने चढला आणि २०२४ साली बेलग्रेडमध्ये डिव्हिजन दोनच्या वरच्या गटात खेळला, तो पूर्वीच्या सोव्हिएत प्रदेशांत जन्मलेल्या आणि रीतसर कागद मिळवलेल्या खेळाडूंच्या बळावर. ज्याला कागद सांभाळता आले तो वर गेला आणि ज्याला आले नाहीत तो खाली, एवढाच या शिडीचा अर्थ उरणार असेल तर ते मला खटकतं.

कारण याच रिंकांवर आणखी एक वर्ग आहे, जो शिडीच्या जवळपासही नाही. अमिरातींमध्ये पस्तीस लाखांहून अधिक भारतीय राहतात. करामा, बर दुबई, शारजा इथल्या मराठी घरांतली मुलं शाळा सुटल्यावर स्केटिंगला जातात, काही जण हॉकीही खेळतात. तिथे जन्मून, तिथेच वाढून त्यांना तिथलं नागरिकत्व मिळत नाही. २०२१ मध्ये कायदा थोडा सैल झाला, तोही गुंतवणूकदार आणि विशेष गुणवंतांसाठी. म्हणजे अमिरातींची जर्सी नाही. आणि भारताची? निवड लडाख, हिमाचलच्या वर्तुळात होते, त्यात या मुलांचा विचार होत नाही. बारा महिने बर्फ मिळणारी मुलं एकीकडे आणि दोन महिने तळ्यावर खेळणारे राष्ट्रीय खेळाडू दुसरीकडे. भारताच्या मुलींनी अल ऐनमध्ये २०२५ च्या आशिया कपात कांस्यपदक जिंकलं. इतक्या तुटपुंज्या सरावावर एवढं मिळवणाऱ्या संघाला कायमचा बर्फ मिळाला तर काय होईल, याचा विचार संघटनेने करायला हवा.

साउथईस्टच्या इतिहासातून मी इतकंच घेतो. टॅम्पाने नंतर २०२० आणि २०२१ चे कप जिंकले, फ्लोरिडाने २०२४ आणि २०२५ चे. ऊन तेच राहिलं. वर्षानुवर्षं रिंक चालू राहिले, मुलं खेळत राहिली, आणि मालकांनी कोर्टाऐवजी संघाकडे लक्ष दिलं. अटलांटाला एवढंच जमलं नाही.

म्हणून भारतीय आइस हॉकी संघटनेने दरवर्षी एक निवड शिबिर दुबईत किंवा अल ऐनला भरवावं, लडाखच्या संघाला सरावासाठी तिथे न्यावं आणि भारतीय पासपोर्टवर तिथे वाढणाऱ्या मुलांना त्यांच्यासोबत उतरवावं. जन्माने भारतीय असलेल्या मुलांना ४८० दिवसांची अट आड येत नाही. बर्फ तयार आहे, मुलं तयार आहेत. अडलंय ते निमंत्रणाच्या एका पत्रावर, आणि ते लिहिणं संघटनेच्या हातात आहे.