थर आतून बाहेर: मराठा दरबारी पोशाख पुन्हा उभा करताना



आजवर या मालिकेत आपण किल्ले पाहिले, मोहिमा पाहिल्या. आजचा विषय कापडाचा आहे. निवृत्त फौजी माणूस शिवणकामावर काय बोलणार, असं तुम्हाला वाटेल. पण ज्याने उभं आयुष्य युनिफॉर्म घातला, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. कपडा म्हणजे हुद्दा. खांद्यावरचा एक तारा चुकला, तरी समोरचा सलाम बदलतो.

हा विषय माझ्या डोक्यात शिरला तो एका फजितीमुळे. दोन वर्षांपूर्वी बेंगळुरूत आमच्या वसाहतीतल्या मराठी मंडळींनी शिवजयंतीला आग्र्याच्या दरबाराचा प्रवेश बसवला. कपडे भाड्याचे. महाराजांच्या अंगात बटणांचा मखमली कोट, औरंगजेबाच्या अंगातही तसाच, फक्त रंग वेगळा. एका सरदाराच्या डोक्यावर चक्क पेशवाईतली चक्री पगडी. महाराजांनी खिलत नाकारली, टाळ्या झाल्या. घरी येताना नात म्हणाली, "आजोबा, कपडाच तर देत होते ना? मग एवढं रागवायचं कशाला?"

मला उत्तर माहीत होतं. पण रंगमंचावर ते कुठे दिसलंच नव्हतं, आणि तिचा त्यात काही दोष नव्हता. ज्या दरबारात सगळे सारखेच दिसतात, तिथे वस्त्राचा मान कुणाला कळणार?

आधी ते उत्तर सांगतो. १२ मे १६६६ रोजी औरंगजेबाच्या वाढदिवसाच्या दरबारात महाराजांना पंचहजारी मनसबदारांच्या रांगेत उभं केलं गेलं. शहजादे, वजीर जाफरखान आणि जसवंतसिंग यांना खिलत मिळाली, महाराजांना मिळाली नाही. महाराज संतापले, आणि नंतर देऊ केलेली खिलत त्यांनी घातली नाही. आंबेरच्या राजाची जी माणसं तेव्हा आग्र्यात होती, त्यांच्या राजस्थानी पत्रांतून हा प्रसंग आपल्याला कळतो. खिलत म्हणजे बादशहाने दिलेला पोशाख. तो अंगावर चढवला की बादशहाने ठरवलेली तुमची जागा तुम्हाला मान्य आहे, असा त्याचा अर्थ. महाराजांनी नाकारली ती जागा.

हीच समजूत मराठी भाषेतही मुरली आहे. १७ एप्रिल १७२० रोजी पहिल्या बाजीरावांना "पेशवाईची वस्त्रे" मिळाली, असं आपण म्हणतो. नेमणूक झाली असं म्हणत नाही, वस्त्रे मिळाली असं म्हणतो.

आता कुणी विचारेल, हे सगळं बेंगळुरूत बसून कशाला? तर मराठा दरबार हा या शहराचाही वारसा आहे म्हणून. १६३८ मध्ये विजापूरच्या रणदुल्लाखानाच्या फौजेबरोबर शहाजीराजे इथे आले. बेंगळुरू केंपेगौडांच्या घराण्याकडून गेलं आणि पुढे शहाजीराजांच्या जहागिरीचं मुख्य ठाणं झालं. १६४० च्या सुमारास जिजाऊसाहेब आणि बाल शिवाजी काही काळ इथे होते. शहाजीराजांच्या दरबारात अनेक भाषांचे कवी होते. त्यातल्या जयराम पिंड्ये यांचा 'राधामाधवविलासचंपू' इतिहासाचार्य राजवाड्यांनी १९२२ मध्ये छापून काढला. मल्लेश्वरमच्या काडू मल्लेश्वर देवळात व्यंकोजीराजांच्या दानाचा १६६९ चा शिलालेख आहे. इथल्या मराठी मुलांना महाराज म्हणजे दूरच्या सह्याद्रीतले वाटतात. त्यांना सांगावंसं वाटतं, बाळांनो, ते लहानपणी तुमच्या गावात राहून गेले आहेत.

तर मग पोशाख उभा करायचा कशाच्या आधारावर? सिनेमा आणि कॅलेंडर बाजूला ठेवा. पहिला आधार त्या काळातल्या चित्रांचा. १९३३ मध्ये वा. सी. बेंद्रे यांनी महाराजांचं डच संग्रहातलं चित्र लोकांसमोर आणलं. तोवर एका मुसलमान सरदाराचं चित्र महाराजांचं म्हणून आपल्याकडे चाललं होतं. चेहऱ्याच्या बाबतीत अशी चूक होऊ शकते, तर कपड्यांच्या बाबतीत किती होत असेल! अॅमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियममध्ये आणि लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये सतराव्या शतकातली दख्खनी चित्रं आहेत आणि ती संगणकावर मोठी करून पाहता येतात. दुसरा आधार लेखी. कृष्णाजी अनंत सभासदाने १६९७ मध्ये लिहिलेल्या बखरीत प्रतापगडच्या भेटीचा पोशाख नावानिशी सांगितला आहे. जरीची कुडती, डोईला मंदिल, पायांत चोळणा.

या आधारांवर गेल्या वर्षी आम्ही एक पोशाख केला. आमचा नियम एकच होता, आतून बाहेर जायचं. भाड्याचा पोशाख फक्त बाहेरून दिसण्यासाठी शिवलेला असतो. खरा पोशाख थरांवर उभा राहतो, कारण वरचा थर कसा पडेल हे खालचा थर ठरवतो.

पहिला थर, सुरवार. वर ढिली, पोटरीपासून खाली घट्ट, कमरेला नाडी. जामा पातळ असतो, त्यामुळे सुरवारीचा रंग आतून दिसतो. चित्रांत हे स्पष्ट कळतं. म्हणजे आत काय घालायचं हेही विचार करून ठरवावं लागतं.

दुसरा थर, निमा. जाम्याच्या आत घालायचा आखूड सुती कपडा. घाम तो टिपतो आणि वरचं तलम कापड वाचतं.

तिसरा थर, जामा. हा पोशाखाचा कणा. छातीशी घट्ट, पुढे एकावर एक येणारे दोन पदर, खाली घोट्यापर्यंत घेर. बटण एकही नाही, सगळं बंदांवर. आपल्याला बाराबंदी माहीत आहे, जामा तिच्याच जातीचा.

घेराचा हिशेब सांगतो, कारण शिंपी इथेच अडतात. आजचा शिंपी घेरासाठी गोल कापड कापतो. त्या काळी कळ्या जोडत. आम्ही ११२ सेंटीमीटर पन्ह्याची मलमल घेतली. ५४ सेंटीमीटर रुंदीचा एक सरळ तुकडा तिरका कापला की दोन कळ्या निघतात. प्रत्येक कळी वर १२ आणि खाली ४२ सेंटीमीटर. कापड वाया जात नाही. अशा १२ कळ्या जोडल्या आणि शिवणीत दोन्ही बाजूंना एकेक सेंटीमीटर धरला, तर खालचा घेर सुमारे पावणेपाच मीटर होतो. वरचा भाग कमरेभोवती फिरून पुढे तीसेक सेंटीमीटर एकावर एक येतो. एका कळीची उरेब कड दुसरीच्या सरळ कडेला जोडायची. दोन उरेब कडा एकत्र आल्या तर आठवड्यात घेर लोंबायला लागतो. आमचा पहिला जामा असाच लोंबला. बगलेत चौबगला घातलाच पाहिजे, नाहीतर तलवार उपसायला हात वर केला की शिवण उसवते. बाही हातापेक्षा वीतभर लांब आणि कोपराखाली घट्ट ठेवायची, म्हणजे मनगटावर चुण्या पडतात. धड आणि बाह्या धरून एका जाम्याला साधारण सहा मीटर कापड लागलं. ते आम्ही चिकपेटेत घेतलं.

आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, बंद कुठल्या बाजूला. त्या काळचा रिवाज असा की हिंदूंच्या जाम्याचे बंद डाव्या बगलेत आणि मुसलमानांचे उजव्या बगलेत. म्हणजे महाराजांचा उजवा पदर वर येऊन डावीकडे बांधला गेला पाहिजे. नाटकात आग्र्याचा दरबार उभा करायचा असेल, तर या एका गोष्टीने कोण कुठला ते न बोलता कळतं. पण इथे एक सापळा आहे. तालमीत आम्ही फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात बघून बंद बांधले. त्यात डावं-उजवं उलटं दिसतं! सगळा दरबार उलटा बांधून उभा राहिला आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही. तेव्हापासून आम्ही आतल्या बाजूला रंगीत दोऱ्याची खूण करतो.

चौथा थर, पटका. जाम्यावरून कमरेला आवळायचा, नक्षीची टोकं पुढे सोडायची. हा फक्त शोभेचा नाही. कट्यार त्यातच खोचतात आणि दिवसभर शस्त्रांचं ओझं तोच पेलतो. आमच्या बेल्टचं काम वेगळं नव्हतं.

पाचवा थर, खांद्यावरचा शेला. थंडीत जाम्यावर कापूस भरलेला दगला.

शेवटी पागोटं. पगडी बांधून तयार असते, पागोटं दर वेळी बांधावं लागतं. आम्ही नऊ मीटर पातळ, अरुंद कापड घेतलं. महाराजांच्या चित्रांत पागोट्यावर तुरा आणि मोत्यांच्या लडी दिसतात. त्या प्रत्येक सरदाराला लावू नका. सगळ्यांना तुरा दिला तर राजा कोण ते कळणार कसं?

थरांचं हे शास्त्र आपल्यापुरतंच नाही. जपानच्या दरबारी स्त्रियांच्या पोशाखाला 'जूनिहितोए' म्हणतात, शब्दशः बारा थर. ऑक्टोबर २०१९ मध्ये सम्राटांच्या राज्यारोहणात सम्राज्ञी मासाको यांनी तो घातलेला जगाने टीव्हीवर पाहिला. एकाखाली एक रेशमी झगे, बाहीच्या कडेला प्रत्येकाची फक्त पट्टी दिसते, आणि कुठला रंग कुठल्या रंगाखाली, कुठल्या ऋतूत, हे ठरलेलं. तो नेसवणं ही तिथे एक वेगळी विद्या आहे आणि यामाशिना व ताकाकुरा या दोन घराण्यांनी ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली. क्योतोत १८९५ पासून 'जिदाई मात्सुरी' नावाची मिरवणूक निघते. तिच्यात शेकडो नागरिक वेगवेगळ्या काळांचे पोशाख घालून चालतात. तिथे शिकवणारी घराणी टिकली. आपल्याला ही वाट चित्रं, बखरी आणि जुन्या शिंप्यांच्या हातातून शोधावी लागते.

म्हणून एक शिस्त पाळा. पोशाख दाखवताना काय आधाराने केलं आणि काय अंदाजाने, ते प्रेक्षकांना सांगा. आमच्या जाम्याचा काट चित्रांवरून आहे. बंदांची बाजू रिवाजावरून. पटक्याची नक्षी मात्र बाजारात मिळाली ती घेतली. असं सांगितल्याने महाराजांचा मान कमी होत नाही. खोटी जर खरी म्हणून दाखवली तर होतो.

सगळं एकदम करू नका. खिशाला परवडणारही नाही. आम्ही पहिल्या वर्षी एकच जामा केला, बाकीच्यांना साधी बाराबंदी आणि पागोटं दिलं. मखमलीच्या दहा कोटांपेक्षा एक नीट जामा बरा.

या फेब्रुवारीत तोच प्रवेश पुन्हा झाला. महाराजांच्या जाम्याचे बंद डावीकडे, समोरच्या दरबाराचे बहुतेक उजवीकडे. वजिराने खिलत अंगावर चढवून कुर्निसात केला. मग तबक महाराजांपुढे आलं. माझ्या शेजारी बसलेली नात हळूच म्हणाली, "आजोबा, हे घातलं तर ते त्यांचे नोकर होतील ना?"

मी फक्त मान हलवली. पुढच्या भागात तलवारीच्या मुठीबद्दल बोलू. तोपर्यंत घरातल्या जुन्या ट्रंकेत आजोबांची बाराबंदी असेल, तर फेकू नका. तिचे बंद कुठल्या बाजूला आहेत, ते बघा.

जय हिंद.