काही बदल नाही ना?

आमच्या विम्याच्या काकांची प्रश्न विचारायची एक लय आहे. पॉलिसी संपायला आठ दिवस राहिले की त्यांचा फोन येतो. पत्ता तोच ना? क्लेम नाही ना घेतला? गाडीत काही बदल नाही ना? उत्तर प्रश्नातच असतं, आपण नुसता हुंकार भरायचा. त्या जूनमध्ये मीही भरला. फोन आला तेव्हा मी गाडीतच होतो, हडपसरच्या पंपावर सीएनजीच्या रांगेत, आणि माझ्या पाठीमागे डिकीत साठ लिटरची टाकी होती. आपण खोटं बोललो, असं मला त्या वेळी वाटलंसुद्धा नाही.

टाकी बसून तीन आठवडे झाले होते. गाडी २०१७ची वॅगनआर, पेट्रोलची. गॅरेजवाल्याने सकाळी दहाला बोलावलं आणि संध्याकाळी न्यायला या म्हणाला. मी गेलोच नाही, तिथेच स्टूल टाकून बसलो. मिस्त्रीने आधी इनटेक मॅनिफोल्ड उतरवला, कारण जागेवरच भोकं पाडली तर भुसा इंजिनात जातो. तीन सिलिंडरचं इंजिन, म्हणून तीन भोकं. त्यात आटे पाडून नोझल बसवली. मग रेड्युसर बसवला. टाकीत गॅस २०० बार दाबाने भरलेला असतो. तो दाब एकदम उतरवला की गॅस इतका थंड होतो की रेड्युसर गोठायचा, म्हणून इंजिनाचं गरम कूलंट त्याच्याभोवती फिरवतात. पेट्रोल इंजेक्टरच्या तारांमधून इशारा घेऊन गॅसचे इंजेक्टर उघडणारा वेगळा ईसीयू बसला. डिकीची फरशी आरपार भोकून टाकीचं स्टँड बोल्टांनी आवळलं, आणि टाकी उचलायला दोन माणसं लागली. रिकामी टाकीच साठेक किलोची, म्हणजे मागच्या सीटच्याही मागे एक माणूस कायमचा बसवल्यासारखं. शेवटी सगळ्या जोडांवर साबणाचा फेस फासून मिस्त्री बुडबुडे शोधत बसला. एका जोडावर आले. तो पुन्हा आवळला.

इतकं सगळं डोळ्यांनी पाहिलेला माणूस तीन आठवड्यांत ‘काही बदल नाही’ म्हणतो, याचं मला पुढे नवल वाटलं.

त्याला एक कारण गॅरेजवाल्याने पुरवलं होतं. ‘कागदपत्रांची काळजी करू नका, सगळं आम्ही करून देतो,’ असं तो म्हणाला होता, आणि त्याच्या ‘सगळं’मध्ये आरटीओ होतं. ते काम त्याने चोख केलं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे गाडीत बदल केला की १४ दिवसांच्या आत नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं. किटच्या मान्यतेचं पत्र, टाकीचं प्रमाणपत्र, बसवून दिल्याचा दाखला आणि चालू विम्याची झेरॉक्स असा गठ्ठा त्याच्या माणसाने नेला आणि आरसी बदलून आणली. इंधनाच्या रकान्यात आता ‘पेट्रोल/सीएनजी’ होतं. गंमत अशी की गठ्ठ्यातली विम्याची झेरॉक्स गाडी पेट्रोलची आहे असंच सांगत होती. टेबलाच्या अलीकडे-पलीकडे कुणालाच त्याचं काही वाटलं नाही. आरटीओला विमा चालू आहे एवढंच बघायचं असतं, त्यात काय लिहिलंय ते नाही.

उघडकीला आलं जानेवारीत, तेही भलत्याच कामातून. आम्ही घर बदललं होतं. पॉलिसीवरचा पत्ता बदलायला काकांनी आरसी मागितली. ऑफिस म्हणजे टिळक रस्त्यामागच्या गल्लीत एक खोली, दोन टेबलं, गणपतीचं कॅलेंडर आणि भिंतीपर्यंत फायली. काकांनी कार्ड हातात घेतलं, चष्मा कपाळावर सरकवला आणि डोळ्यांजवळ नेलं.

‘सीएनजी कधी केली?’

‘जूनमध्ये. पण आरसीवर चढवलीय की.’

‘आरसीवर चढली. माझ्याकडे कुठे चढली?’

मी विचारलं, आरटीओने नोंद केली म्हणजे सरकारला कळलं, मग कंपनीला आपोआप नाही का कळणार? काका म्हणाले, ‘तुमच्या सासऱ्यांना कळलं म्हणजे बँकेला कळलं का?’

मग त्यांनी ड्रॉवरमधून एक जुना, पानं पिवळी पडलेला ग्रंथ काढला. २००२चं इंडिया मोटर टॅरिफ, म्हणजे आयएमटी. २००७पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचे दर कंपन्या आपापले ठरवतात, पण पॉलिसीची भाषा आणि तिला जोडायच्या पुरवण्या त्यानंतरही या पुस्तकातल्याच राहिल्या. गॅस किटची पुरवणी म्हणजे आयएमटी २५. काका तोंडाने नुसतं ‘पंचवीस’ म्हणतात. ‘पंचवीस लावायची राहिली तुमची.’ हिशेब त्यांनी पाकिटाच्या मागे केला. किट ५४,००० रुपयांचं. त्याच्या ४ टक्के, २,१६०. थर्ड पार्टीचे वर ६०. झाले २,२२०. त्यावर १८ टक्के जीएसटी. वर्षाचे २,६१९ रुपये आणि ६० पैसे. पॉलिसीचे पाचच महिने उरले होते, म्हणून भरायचे साधारण अकराशे. सात महिने पन्नास हजारांचं यंत्र विम्याशिवाय घेऊन फिरत होतो, ते साधारण पंधराशे रुपयांसाठी. वाचवण्यासाठी म्हणतही नाही, कारण वाचवायचे आहेत हेच मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कंपनीचा मुलगा गाडी बघायला आला. विशीतला, पाठीला सॅक. गाडीचे चारही बाजूंनी फोटो काढले, किलोमीटरचा आकडा घेतला, टाकीवर कोरलेला नंबर टॉर्च मारून वाचला आणि माझ्या कागदाशी ताडून पाहिला. मग बोनेट उघडून चेसिस नंबरवर पातळ कागद ठेवला आणि पेन्सिल आडवी धरून घासायला लागला. लहानपणी आम्ही नाण्यांचे छाप काढायचो तसं. आकडे एकेक करून पांढरे उमटले. ‘हे कशाला? फोटो काढलास की,’ मी म्हटलं. ‘फोटोत काहीपण करता येतं सर,’ तो म्हणाला आणि कागद घडी करून खिशात ठेवला.

त्यानंतर मला चाळाच लागला. दोन-चार शनिवार सकाळी मी काकांकडे चहाला जाऊन बसलो. एकच प्रश्न निरनिराळ्या माणसांना विचारला जाताना ऐकायचा होता. खोटं बोलणारा क्वचित भेटला. बहुतेकांनी केलेलं त्यांच्या हिशेबी ‘बदल’ या शब्दात बसतच नव्हतं. एकाने गाडीचा रंग बदलला होता, त्याच्या मते ते ‘रंगकाम’. रंग आरसीवर लिहिलेला असतो हे त्याला दाखवावं लागलं. एका बाईंनी पस्तीस हजारांची स्क्रीन आणि स्पीकर बसवले होते, ती ‘मुलाची हौस’. विद्युत उपकरणांची पुरवणी चोविसावी, तिलाही ४ टक्के. न सांगता स्क्रीन चोरीला गेली, तर कंपनीच्या लेखी ती कधी नव्हतीच.

सगळ्यात लक्षात राहिला तो अलॉय चाकांचा पोरगा. कंपनीच्या चाकांपेक्षा दोन इंच मोठी चाकं, टायर इतके रुंद की बाहेर डोकावत होते, आणि हेडलाइटला तारा कापून जोडलेले एलईडी. काकांनी चाकांपेक्षा तारांबद्दल जास्त विचारलं. कपलर लावला की कापून जोडल्या? मधे रिले आहे का? आग लागली की सर्व्हेअर आधी कापलेली तारच शोधतो. पोरगा बिनधास्त होता. जुनी चाकं घरी माळ्यावर आहेत म्हणाला. ‘क्लेमची वेळ आली तर तीच लावून येईन.’ काकांनी शांतपणे विचारलं, ‘गाडी खंबाटकी घाटात उलटली, तर माळ्यावर कोण जाणार?’

कायद्याची बाजूही काकांनी त्याला सांगितली, थोडी दरडावूनच. नोंदणीतला तपशील आणि उत्पादकाने दिलेली मूळ रचना यांच्यात फरक पडेल असा बदल करता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ला केरळातून आलेल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षी कायद्यात झालेल्या दुरुस्तीने अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. मान्यताप्राप्त गॅस किटला कलमातच वाट ठेवलेली आहे, म्हणून माझी टाकी कायदेशीर. म्हणजे विमा कंपनीला सांगण्याचे दोन प्रकार झाले. काही गोष्टी सांगितल्या की पैसे भरून पॉलिसीत येतात. काही गोष्टी सांगून उपयोग नसतो, त्या काढाव्याच लागतात. मजबूत बुलबार हा दुसऱ्या प्रकारातला. केंद्राने डिसेंबर २०१७मध्येच तो बेकायदा असल्याचं राज्यांना कळवलं होतं, तरी काकांच्या गल्लीतच तीन उभे होते.

एका शनिवारी साठीचे एक गृहस्थ आले, कुबड्या घेऊन. पायाला लहानपणी पोलिओ. त्यांच्या गाडीत ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची दांडी होती, आरसीवर तशी नोंदही होती. काकांनी पॉलिसी उलटली-पालटली आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला. ‘चार वर्षं हे कुणी बघितलं नाही?’ अपंगांसाठी बदल करून आरसीवर नोंदवलेल्या गाडीला स्वतःच्या नुकसानीच्या हप्त्यात टॅरिफनुसार ५० टक्के सूट असते. आधीच्या एजंटने विचारलं नाही, यांनी सांगितलं नाही. सांगितलं तर हप्ता वाढेल, असं त्यांना वाटत होतं. ते काही बोलले नाहीत, फक्त कुबडी भिंतीला टेकवून खुर्चीत नीट बसले. सूट आणखीही एका गोष्टीला मिळते. आपल्याच पुण्यातल्या वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी यंत्र बसवलं, तर अडीच टक्के, फार तर ५०० रुपये. पण तेही सांगावं लागतं.

पण चूक फक्त न सांगणाऱ्यांची, असं म्हणून कंपन्यांना साधुत्व द्यायला मी तयार नाही. विमा हा परम सद्भावाचा करार, दोघांनी एकमेकांपासून काही लपवायचं नाही, असं कायद्याची पुस्तकं सांगतात. प्रत्यक्षात बदलाचा प्रश्न अर्जात एका चिमुकल्या चौकोनात असतो, मोबाइलवर तर ‘नाही’ आधीच निवडलेलं असतं. मग क्लेमच्या वेळी तोच चौकोन भिंगाखाली येतो. टाकी सांगितली नाही आणि गाडी जळाली, तर जळालेली टाकी राहू द्या, अख्ख्या गाडीवरच वाद घालतात. समोरच्या माणसाला इजा झाली, तर त्याची भरपाई मात्र अशा कारणाने सहसा अडत नाही. वेळ आली तर कंपनी आधी देते आणि मग मालकाकडून वसूल करायला बघते. स्वतःच्या गाडीबाबतही न्यायालयांनी दर वेळी दार बंद केलेलं नाही. खासगी गाडी भाड्याने दिलेल्या २०१०च्या अमलेंदु साहू प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने दावा पूर्ण फेटाळू न देता काही रक्कम देववली होती. पण तिथवर पोचायला किती वर्षं खुर्च्या झिजवायच्या, हे काकांनी बोटं मोजून सांगितलं.

पुरवणी फेब्रुवारीत आली. एक पान. पत्ता नवा, इंधन ‘पेट्रोल/सीएनजी’, किटची किंमत ५४,०००, खाली इंग्रजीत ‘आयएमटी २५’. मी ती आरसीच्या पाकिटात ठेवली. आता पंपावर पोऱ्या बोनेटखालची पट्टी वाचतो तेव्हा मीही वाचतो. टाकीची हायड्रो टेस्ट दर तीन वर्षांनी, ती तारीख त्या पट्टीवर असते. ती उलटली तर गॅस मिळत नाही. तो रोज चारशे गाड्या बघत असेल, पण पट्टी बघितल्याशिवाय नळी लावत नाही.

पुढच्या जूनमध्ये स्वस्तात मिळतं म्हणून मी दुसऱ्या कंपनीचा भाव मोबाइलवर काढून पाहिला. गाडीचा नंबर घातल्याबरोबर सगळी माहिती आपोआप भरली गेली. मालक, मॉडेल, वर्ष. आणि गॅस किटसमोर ‘नाही’. मी तसाच काकांना फोन लावला. त्यांनी आपल्या लयीत सुरुवात केली. पत्ता तोच ना, क्लेम नाही ना.

‘काका, थांबा,’ मी म्हटलं. ‘मागे कॅमेरा बसवलाय. साडेतीन हजारांचा.’

पलीकडे पेनाचं टोपण काढल्याचा आवाज आला.

‘एकशेचाळीस रुपये,’ काका म्हणाले. ‘बिल पाठवा.’