विश्लेषण : हात न लावता मिक्सरचे फेडर कसे सरकतात? ‘सीन रिकॉल’ सोयीचे की धोक्याचे?

नाटकात प्रवेश बदलतो, गाणे सुरू होते आणि प्रेक्षागृहात मागे ठेवलेल्या मिक्सरवरचे फेडर कुणी हात न लावता भराभर नव्या जागी सरकतात. ऑपरेटरने दाबलेले असते एकच बटण. डिजिटल मिक्सरच्या या सोयीला ‘सीन रिकॉल’ म्हणतात. मात्र हेच बटण ऐन प्रयोगात एखाद्या पात्राचा आवाज घालवूही शकते.

‘सीन’मध्ये नक्की काय साठवले जाते?

जुन्या ॲनालॉग मिक्सरमध्ये बटण जिथे फिरवून ठेवले, तीच त्याची सेटिंग. ती लक्षात ठेवायची तर कागदावर लिहून ठेवावी लागे. डिजिटल मिक्सरमध्ये फेडर हा फक्त एक आकडा आतल्या प्रोसेसरला कळवतो. आकडा आहे म्हटल्यावर तो साठवता येतो आणि पुन्हा बोलावता येतो. एका क्षणी मिक्सरवर असलेल्या सगळ्या आकड्यांचा संच म्हणजे सीन.

हे आकडे किती असतात? २०१२मध्ये आलेला बेरिंजरचा एक्स३२ घ्या. ३२ चॅनलचे ३२ फेडर, प्रत्येकी चार पट्ट्यांचा ईक्यू म्हणजे १२८ पट्ट्या आणि प्रत्येक चॅनलमधून १६ बसकडे जाणारे सेंड धरले तर आणखी ५१२. म्यूट, कॉम्प्रेसर, इफेक्ट अजून मोजलेलेच नाहीत. दोन संवादांच्या मधल्या सेकंदभरात हे हाताने बदलणे शक्य नाही.

फेडर सरकतात ते खाली बसवलेल्या छोट्या मोटरमुळे. ध्वनिमुद्रण स्टुडिओत हे तंत्र १९७०च्या दशकातच नीव्ह कंपनीच्या ‘नेकॅम’ यंत्रणेतून आले होते. यामाहाने १९९४मध्ये ‘प्रोमिक्स ०१’ आणला, तेव्हा मोटरचे फेडर आणि सीन मेमरी तुलनेने परवडणाऱ्या मिक्सरमध्ये दिसू लागली.

नाटकाला त्याची गरज का?

सगळे माइक कायम चालू ठेवले तर काय बिघडते? दोन गोष्टी. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टी, म्हणजे फीडबॅक, सुरू होण्याआधी मिळणारी आवाजाची मोकळीक साधारण ३ डेसिबलने घटते. एका माइकऐवजी आठ चालू असतील तर ९ डेसिबल गेले. दुसरे म्हणजे शेजारी उभ्या दोन पात्रांचे कॉलर माइक एकमेकांचा आवाज पकडतात. तोच आवाज किंचित उशिरा दुसऱ्या माइकमधून आला की तो पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो.

म्हणून लंडनच्या वेस्ट एंड आणि न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवरच्या संगीतिकांत ऑपरेटर वाक्यागणिक माइक उघडतो आणि बंद करतो. त्यासाठी डीसीए फेडर वापरतात. हा एक फेडर अनेक चॅनलची पातळी एकत्र हलवतो. प्रत्येक सीनमध्ये कोणते पात्र कोणत्या डीसीएवर येईल, एवढेच बदलायचे. मंचावर वीस माइक असले, तरी ऑपरेटरच्या बोटांखाली त्या प्रसंगापुरते चार-पाच फेडरच राहतात.

मग घोळ कुठे होतो?

मिक्सर सांगितलेले सगळे लक्षात ठेवतो. नको तेही.

समजा, सीन पुण्यातल्या प्रयोगाच्या वेळी तयार केले आणि आजचा प्रयोग ठाण्यात आहे. नायिकेचा घसा बसलाय म्हणून तिच्या माइकचा गेन ६ डेसिबलने वाढवला. पहिला प्रवेश छान झाला. दुसऱ्या प्रवेशाचे बटण दाबताच पुण्यातला जुना गेन परत आला आणि मागच्या रांगांना नायिका ऐकू येईना. ऑपरेटरने घाईने फेडर वर ढकलला, तर तिसऱ्या प्रवेशाने तोही खाली आणला. यंत्र बिघडलेले नसते. ते सांगितले तेच करत असते. (सॉफ्टवेअरवाल्यांना हे दुखणे ओळखीचे वाटेल : जुना बॅकअप आणला की मधले सगळे काम पुसले जाते.)

कलाकाराच्या कानातल्या मॉनिटरची पातळीही सीनमध्ये गेली असेल, तर बटणासरशी त्याच्या कानात अचानक मोठा आवाज घुसू शकतो. कंडेन्सर माइकला लागणारा ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा सीनबरोबर चालू-बंद झाला, तर स्पीकरमधून धाडकन आवाज येतो.

यावर उपाय आहेत. ‘रिकॉल सेफ’ लावलेले चॅनल कोणताही सीन आला तरी जागचे हलत नाही. ‘स्कोप’ने सीनमधल्या ठरावीक गोष्टीच बोलावता येतात. काही मिक्सरमध्ये ‘स्निपेट’ असतो. त्यात मोजक्या सेटिंगच साठवतात. माइकचा गेन, फँटम, मॉनिटर आणि त्या सभागृहासाठी लावलेला मुख्य ईक्यू सीनबाहेरच ठेवावा. सीनने म्यूट, डीसीएची वाटणी आणि इफेक्ट सांभाळावेत. बोलणाऱ्या पात्राचा फेडर माणसाच्या हातातच बरा. दौऱ्यावरच्या नाटकाला तर हे जास्तच लागू, कारण तिथे सभागृह रोज बदलते.

बटणसुद्धा आपोआप दाबले गेले तर?

तीही सोय आहे. १९८३पासून वापरात असलेल्या मिडी पद्धतीत ‘प्रोग्रॅम चेंज’ संदेशाला १२८ क्रमांक असतात आणि त्यांना सीन जोडता येतात. मॅक संगणकावरचे ‘क्यूलॅब’ पार्श्वसंगीत सुरू करता करता मिक्सरला सीनही बदलायला सांगू शकते. यामाहाच्या सीएल, क्यूएल मालिकेत ‘फेड टाइम’ ठरवला की फेडर झटक्यात न उडता काही सेकंदांत हळूहळू सरकतो. ही सोय सगळ्याच मिक्सरमध्ये नसते.

मुद्रित ट्रॅकवरच्या नाचाला घड्याळाबरहुकूम सीन बदलले तर चालून जाते. मराठी नाटकाला नाही. हशा पिकला की नट थांबतो. संगीत नाटकात ‘वन्स मोअर’ आला की झालेले पद पुन्हा गायचे, म्हणजे सीनचा क्रमही मागे न्यायचा. त्यामुळे ‘गो’चे बटण संहिता समोर ठेवून बसलेल्या माणसाकडेच हवे.

आणखी एक व्यावहारिक अडचण. एका कंपनीच्या मिक्सरची सीन फाइल दुसऱ्या कंपनीच्या मिक्सरवर सहसा उघडत नाही. सभागृहातला मिक्सर वापरायचा असेल, तर त्याचे मॉडेल आधी विचारून घ्यावे लागते. मॉडेल तेच असेल तर एक्स३२साठीच्या मोफत ‘एक्स३२-एडिट’सारख्या ॲपवर सीन घरीच लॅपटॉपवर तयार करून पेनड्राइव्हवर नेता येतात. नाट्यगृहात पोहोचल्यावर ॲम्प्लिफायर बंद ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे सीन एकदा फिरवून पाहायला दहा मिनिटे पुरतात.