चाहते मोठे होतात तेव्हा

कॉलेजात असताना मी ‘ॲबा’ची कॅसेट झिजेपर्यंत ऐकली. पुढे नोकरी आली, संसार आला, मुलीची शाळा आली. पंधरा वर्षं मी त्यांचं एकही गाणं विकत घेतलं नाही. ती गाणी आवडेनाशी झाली होती का? मुळीच नाही. वेळ नव्हता आणि हात आखडता होता, इतकंच.

पॉप गायकांचा खप असा चाहत्यांच्या वयाबरोबर वरखाली होतो. या स्वीडिश चौकडीने १९७४ मध्ये युरोव्हिजन स्पर्धा जिंकली. तेव्हाची पंधरा वर्षांची एखादी इंग्रज मुलगी डोळ्यांपुढे आणा. खाऊच्या पैशांत ती एका गाण्याची छोटी रेकॉर्ड घेई. १९८२ नंतर चौघांचं एकत्र काम थांबलं. १९९२ मध्ये निवडक गाण्यांचा ‘ॲबा गोल्ड’ निघाला, तेव्हा ती तेहेतीस वर्षांची, कमावती होती. घरात रेकॉर्ड असलेलीच गाणी तिने सीडीवर पुन्हा घेतली. १९९९ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर ‘मम्मा मिया’ आलं. आता ती लेकीचंही तिकीट काढू शकत होती. २०२१ मध्ये, तब्बल चाळीस वर्षांनी नवा अल्बम आला आणि ब्रिटनमध्ये पहिल्याच आठवड्यात दोन लाखांवर खपला. त्यातही बहुतेक सीडी आणि रेकॉर्डच!

परवा माझ्या मुलीने मोबाइलवर तीच गाणी लावली आणि मी स्वयंपाकघरातून सूर धरला. खप थांबला म्हणजे प्रेम आटलं, असं समजू नये. चाहता संसारात गुंतलेला असतो. सवड मिळाली की परततो, आणि येताना पुढची पिढीही घेऊन येतो.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)