ड्रम घरघरतोय? बेअरिंग तपासा

सानगडीसारख्या धानाच्या पट्ट्यात बेअरिंग हा शब्द कोणाला समजावून सांगावा लागत नाही. पंपाची मोटर, मळणीयंत्र, राईस मिल, सगळीकडे तेच. वॉशिंग मशीनच्या ड्रममागे मात्र ते दडलेले असते आणि तिथे त्याचा खरा वैरी म्हणजे पाणी.

ड्रमचा दांडा सहसा दोन बेअरिंगांवर फिरतो. पाणी अडवायला पुढे रबरी ऑइल सील असते. ते झिजले की साबणाचे पाणी आत शिरते, ग्रीस धुऊन नेते, गोळ्या गंजतात. मग कपडे पिळताना विमान उडाल्यासारखी घरघर सुरू होते. मिनिटाला १२०० फेरे घेणाऱ्या ड्रमच्या कडेला गुरुत्वाकर्षणाच्या साडेतीनशे पटींहून अधिक जोर पडतो, आणि कपडे एका बाजूला गोळा झाले की त्या असमतोलाचा ताण याच दोन बेअरिंगांवर येतो.

खात्री करायची तर वायर काढून रिकामा ड्रम वर-खाली हलवावा. खटखट झाली की समजायचे.

सुटा भाग मिळवणे तसे सोपे. बेअरिंगवरचा ६२०५ हा आकडा जगभर एकच माप सांगतो: शेवटच्या ०५ला पाचाने गुणले की आतले भोक २५ मिलिमीटर. जुने ठोकून काढता येते. नवे बसवताना दाब फक्त बाहेरच्या कड्यावरच द्यावा. सीलही नवेच हवे, तिथे काटकसर नको.

काही कंपन्या मात्र ड्रमभोवतीच्या, बेअरिंग बसवलेल्या टबचे दोन भाग कायमचे जोडून टाकतात. अशा वेळी अख्खा टब बदलावा लागतो. हा ग्राहकाच्या खिशावरचा अन्यायच.