परिसरातील वनस्पती – लेखांक सातवा : भूछत्रे आणि उत्तरपावसाळी फुले

पावसाचा जोर ओसरून आश्विनाची उन्हे तापू लागण्यापूर्वीचा जो अल्प हंगाम मुंबईस लाभतो, त्यात भूछत्रांची अखेर आणि रानफुलांचा बहर एकाच फेरफटक्यात पाहावयास मिळतो. आणि त्यासाठी बोरिवलीच्या अरण्यापर्यंत जाण्याचे कारण नाही, दादरच्या पारशी वसाहतीतील पाच उद्याने, परळ-शिवडीची जुनी आवारे आणि गिरगावातील वाड्यांच्या भिंती एवढा मुलूख पुरेसा आहे.

नवशिका निरीक्षक भूछत्राचा रंग व आकार प्रथम पाहतो. परंतु रंग एका सरीने धुऊन जातो, आकार दोन दिवसांत पालटतो. ज्या अधिष्ठानावर ते उगवले, ते मात्र पालटत नाही. कवकांपाशी हरितद्रव्य नसल्यामुळे त्यांना आपले अन्न स्वतः निर्माण करता येत नाही, आणि आपण ज्यास भूछत्र म्हणतो ते केवळ फळ असून कवकाचा खरा देह लाकडात किंवा मातीत तंतुरूपाने पसरलेला असतो. म्हणून अधिष्ठान म्हणजेच बहुधा त्याचे अन्न. आणि माती, शेण, हिरवळ, कुजके लाकूड की जिवंत वृक्ष, ही नोंद वहीत सर्वांआधी व्हावी, असे माझे ठाम मत आहे.

पर्जन्यवृक्षाच्या अथवा गुलमोहराच्या बुंध्याशी तांबूस-तपकिरी, अर्धवर्तुळाकार आणि लाकडाइतका कठीण असा जो थर बाहेर आलेला दिसतो, तो बहुतेक वेळा गॅनोडर्मा या कवकाचा असतो. त्याच्या खालच्या बाजूस सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून गळणारी तपकिरी बीजाणूंची भुकटी भोवतालच्या गवतावर साचते. लाकडास बळकटी देणारे लिग्निन हे कवक खाते; त्यामुळे वरची पालवी हिरवीगार असतानाही मुळे आणि बुंधा आतून निकामी झालेला असू शकतो. छाटून टाकलेल्या फांद्यांवर मात्र शिझोफायलम शोधावे. त्याची नखाएवढी करडी-पांढरी फळे कोरड्या हवेत कडा आत मुडपून घेतात व सर येताच पुन्हा उलगडतात.

हिरवळीवरील मोठ्या पांढऱ्या छत्र्यांविषयी स्पष्ट इशारा देणे माझे कर्तव्य आहे. क्लोरोफायलम नावाच्या अशा एका जातीचे खालचे पडदे प्रथम पांढरे असून पुढे हिरवट होतात, आणि ती खाल्ल्यास तीव्र उलट्या व जुलाब होतात. ठाणे-पालघरच्या रानांतील स्त्रिया विकावयास आणतात ती वारुळाची अळंबी. तीही पांढरीच, पण त्या स्त्रिया वारूळ ओळखतात, नुसती छत्री नव्हे. शहरातील भूछत्र कोणीही तोंडात घालू नये.

फुलांच्या बाबतीत या भागाचा दाखला फार जुना आहे. मुंबईचे डेप्युटी पोस्टमास्तर जनरल व वनस्पती-उद्यानाचे अधीक्षक जॉन ग्रॅहम यांनी मुंबई व आसपासच्या वनस्पतींची जी यादी केली, ती 1839 साली प्रसिद्ध झाली. छपाई पुरी होण्यापूर्वीच ते खंडाळ्यास वारले आणि उरलेले काम निमो नावाच्या वनस्पती-अभ्यासकांनी तडीस नेले. आज मोकळ्या जागेत कुर्डूचे गुलाबी-पांढरे तुरे, रुळांच्या कडेस पिवळा टाकळा, भिंतींच्या भेगांत अमेरिकेहून आलेली एकदांडी, हे सारे सहज दिसेल. माझा जीव मात्र गटाराच्या काठी वाढणाऱ्या केन्यावर आहे. त्याचे निळे फूल सकाळी उमलून दुपारपर्यंत मिटते. शिवाय मातीखाली न उमलणारी फुले धरून तेथेच बी तयार करण्याची योजना या क्षुद्र मानलेल्या तणाने केलेली असते, आणि म्हणूनच वरचेवर उपटूनही तो त्याच जागी परत येतो.

वाचकांस एक विनंती. रस्त्याकडेच्या वृक्षाच्या बुंध्याशी वर वर्णिलेला तपकिरी थर आढळल्यास तो फोडून टाकू नये, कारण फळ काढल्याने आतील रोग जात नाही. जागेचा नेमका तपशील लिहून महानगरपालिकेच्या आपल्या विभाग कार्यालयातील उद्यान खात्यास अर्ज द्यावा. परळ-लालबागसाठी ते कार्यालय एफ दक्षिण, दादर पश्चिमेसाठी जी उत्तर आणि गिरगावासाठी डी विभागाचे.