डॉक्युमेंटेशनलाही आवृत्ती असते

जँगो हे वेब फ्रेमवर्क शिकायला बसलेला विद्यार्थी एखादं जुनं ट्यूटोरियल उघडतो, त्यात सांगितल्याप्रमाणे ‘यूआरएल’ नावाचं फंक्शन इम्पोर्ट करतो आणि पहिल्याच फाईलवर एरर येऊन अडकतो. आपलंच काहीतरी चुकलं असं समजून तो शोधत बसतो. चूक त्याची नसते. ते फंक्शन ३.१ मध्ये डेप्रिकेट झालं आणि ४.० मध्ये काढूनच टाकलं. त्याची जागा घेणारे ‘पाथ’ आणि ‘री-पाथ’ तर २.० पासूनच आलेले होते. ट्यूटोरियल लिहिलं तेव्हा ते बरोबरच होतं. ते कोणत्या आवृत्तीसाठी आहे, एवढंच त्यावर लिहायचं राहिलं. डॉक्युमेंटेशनच्या आवृत्त्यांबद्दल ओपन सोर्स प्रकल्पांत जे गैरसमज रुजलेत, त्यांची किंमत अशी नवखी माणसं मोजतात.

गैरसमज: नवी आवृत्ती आली की जुनी पानं काढून टाकावीत.

वस्तुस्थिती: सॉफ्टवेअर नवं आलं म्हणून सर्व्हर त्याच दिवशी बदलत नाहीत. पोस्टग्रेस्क्यूएल आपल्या प्रत्येक मेजर आवृत्तीला ५ वर्षं सांभाळतं आणि त्यानंतरही तिची पानं ठेवतं. तिथल्या कोणत्याही पानाच्या माथ्यावर तेच पान इतर आवृत्त्यांत कुठे आहे याच्या लिंक असतात. आधार संपलेल्या आवृत्त्या वेगळ्या दाखवलेल्या असतात. पायथॉन २.७ चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला, तरी त्याचं डॉक्युमेंटेशन आजही वाचता येतं. जुना कोड नव्यावर आणणाऱ्याला तेच लागतं. जँगो तर आधार संपलेल्या आवृत्तीच्या पानावर, ही आवृत्ती आता सुरक्षित नाही, असा ठळक इशारा देतं. जुनं पान ठेवायचं आणि ते जुनं आहे हे तिथेच सांगायचं, ही दोन्ही कामं करावी लागतात.

जुनी पानं ठेवली की सर्च इंजिन तीच आधी दाखवतं, ही तक्रार खरी आहे. त्यावर उपाय कॅनॉनिकल टॅगचा: अनेक आवृत्त्यांपैकी मुख्य पान कोणतं, हे पानाच्या एचटीएमएलमध्येच सर्च इंजिनला सांगता येतं. एवढ्यासाठी पानं डिलीट करणं मला अन्यायाचं वाटतं.

गैरसमज: ‘लेटेस्ट’ म्हणजे सध्याची रिलीज.

वस्तुस्थिती: रीड द डॉक्स या डॉक्स होस्ट करणाऱ्या सेवेवर ‘लेटेस्ट’ म्हणजे रिपॉझिटरीची मुख्य ब्रँच, अर्थात अजून रिलीज न झालेलं कामही त्यात आलं. शेवटची रिलीज ‘स्टेबल’मध्ये असते, आणि तीही प्रकल्पाने रिलीजला आवृत्तीक्रमांकाचे टॅग नीट दिले असतील तरच. रीडमीमध्ये ‘लेटेस्ट’ची लिंक दिली, की पिपने इन्स्टॉल केलेल्या पॅकेजमध्ये नसलेला पर्याय लोक डॉक्समध्ये वाचतात आणि बग नोंदवतात.

गैरसमज: प्रत्येक रिलीजसाठी वेगळी प्रत हवीच.

वस्तुस्थिती: डॉक्युसॉरस या डॉक्सची साइट बनवणाऱ्या टूलमध्ये नवी आवृत्ती करण्याची कमांड दिली की डॉक्सचं अख्खं फोल्डर कॉपी होतं. मग उदाहरणातला एक चुकलेला कंस पाच ठिकाणी दुरुस्त करायचा. बहुतेक प्रकल्पांना याची गरज नसते, असं डॉक्युसॉरसचं स्वतःचं मार्गदर्शनच सांगतं. जँगोचे ४.२.१, ४.२.२ असे पॅच येत राहतात, पण डॉक्स ४.२ चे एकच. छोट्या बदलांसाठी डॉक्स तयार करणाऱ्या स्फिंक्स या टूलच्या ‘व्हर्जनअॅडेड’, ‘व्हर्जनचेंज्ड’ या डायरेक्टिव्ह पुरतात. पायथॉनच्या डॉक्समध्ये ‘असिंकआयओ.रन’खाली ते ३.७ पासून आल्याची नोंद अशीच दिसते. ३.६ वर काम करणाऱ्याला ती एक ओळ पुष्कळ झाली.

गैरसमज: डॉक्स विकीवर टाकले की झालं.

वस्तुस्थिती: विकीला कोडची ब्रँच कळत नाही. डॉक्स कोडच्याच रिपॉझिटरीत असले, की फंक्शन बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच त्याचं पानही बदलतं आणि रिव्ह्यू करणाऱ्याला दोन्ही एकत्र दिसतात. आवृत्तीची ब्रँच निघते तेव्हा डॉक्सही तिच्याबरोबर जातात. स्पष्टीकरणातली चूक मुख्य ब्रँचवर दुरुस्त झाली, तर ती चालू असलेल्या जुन्या ब्रँचवर बॅकपोर्ट करायला मात्र विसरू नये.

मराठीत भाषांतर करू पाहणाऱ्यांनी तर ब्रँच आधी ठरवावी. स्फिंक्स भाषांतरं पीओ फाईलमध्ये ठेवतं. मूळ इंग्रजी वाक्य बदललं की अपडेट करताना त्याचं भाषांतर ‘फझी’, म्हणजे पुन्हा तपासायचं, ठरतं, आणि पानावर मराठीऐवजी पुन्हा इंग्रजी दिसू लागतं. मुख्य ब्रँचवर वाक्यं सतत बदलतात. म्हणून सुरुवात स्टेबल ब्रँचवर करावी, आणि त्यातही आधी इन्स्टॉलेशन आणि पहिलं ट्यूटोरियल घ्यावं.